सर्व्हर बदलण्याआधी अर्थिंग मोजा

प्रश्न थोडक्यात असा. माजलगाव तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं संगणकाचं सगळं काम तुम्ही एकटे बघता. जिन्याखालच्या पश्चिमेच्या खोलीत एक टॉवर सर्व्हर आणि यूपीएस, काउंटरवर १४ मशीन, आणि अंगणापलीकडच्या नव्या इमारतीत लॉकर व कर्जविभाग. भर दुपारी सर्व्हर आपोआप रिस्टार्ट होतो. दोन वर्षांत मदरबोर्ड दोनदा गेला. वळवाचा पाऊस झाला की नेटवर्क स्विचचे पोर्ट मरतात. यूपीएस पाच मिनिटंही तग धरत नाही. पुरवठादाराने नवा सर्व्हर आणि ५ केव्हीएचा यूपीएस असं कोटेशन दिलंय, संचालक मंडळाची बैठक तोंडावर आहे, आणि ते मंजूर करून घ्यावं का, असं तुम्ही विचारताय.

आत्ता करू नका. तुम्ही लिहिलेल्या चार तक्रारींपैकी तीन विजेच्या जोडणीकडे बोट दाखवतात आणि चौथी उन्हाकडे. यातलं काहीच न बदलता नवा सर्व्हर त्याच सॉकेटला लावलात तर त्याचीही तीच गत होईल. लातूर, परभणी, बीड या पट्ट्यात मी पतसंस्था, कॉलेजं, जिनिंगचे कारखाने यांची सर्व्हरची कामं वर्षानुवर्षं करतोय. आपल्याकडे सर्व्हर मरतात त्याचं कारण बहुतेक वेळा सर्व्हरमध्ये नसतं, भिंतीमागे असतं.

सुरुवात मल्टीमीटरने करा. साधा डिजिटल चालेल, पण एसी व्होल्टेजला ६०० व्होल्टचं रेटिंग असलेला घ्या आणि सवयीचा वायरमन सोबत ठेवा. सर्व्हरचा यूपीएस ज्या सॉकेटला लागतो तिथे तीन मापं घ्यायची: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. एकदा घेऊन भागणार नाही. सकाळी संस्था उघडल्यावर, दुपारी एसी आणि पंखे सगळे सुरू असताना, संध्याकाळी दिवेलागणीला, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दीच्या वेळी घ्या. वहीत तारीख-वेळेसह लिहा.

न्यूट्रल-अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. लोड वाढेल तसे ते ५, ८, १० असे चढत गेले तर न्यूट्रलची वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड ढिला आहे. मीटर बोर्डाजवळचा किटकॅट फ्यूज, मेन स्विच आणि डीपीवरून (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून) येणाऱ्या सर्व्हिस वायरचा पिळा, बहुतेक वेळा दोष या तिघांत सापडतो. तुमचा सर्व्हर नेमका दुपारी रिस्टार्ट होतो, म्हणजे लोड सर्वात जास्त असतो तेव्हा, म्हणून माझा पहिला संशय इथेच आहे. दिवसभर, भरल्या लोडलासुद्धा न्यूट्रल-अर्थ अगदी ०.० दाखवत असेल तर खूश होऊ नका. कुणीतरी आतल्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेत, असा त्याचा अर्थ निघू शकतो. त्याबद्दल पुढे लिहितो.

फेज-अर्थचं माप २३० च्या आसपास न येता शंभर-सव्वाशे असं तरंगतं आलं, तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे. याची खूण मीटरशिवायही कळते. सर्व्हरच्या पत्र्याच्या बॉडीला हाताची मागची बाजू लागली की झिणझिण्या येतात. प्रत्येक एसएमपीएसमध्ये (मशीनच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये) विजेतले बारीक अडथळे गाळायला फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ शाबूत असेल तर त्यातला क्षीण प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थ नसेल तर बॉडी फेज-न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर जाऊन बसते. माणूस त्याने दगावत नाही, कारण प्रवाह फार थोडा असतो. पण हीच बॉडी प्रिंटरच्या केबलने, मॉनिटरच्या केबलने दुसऱ्या मशीनला जोडलेली असते आणि तो फरक मदरबोर्डच्या पोर्टमधून वाट काढतो. केबल लावताना बारीक ठिणगी दिसली असेल तर तुमच्या दोन मदरबोर्डांचं कारण तिथेच शोधा.

आता बल्बविषयी, कारण तुमचा वायरमन हमखास म्हणेल, 'बल्ब लावून बघितलाय, अर्थिंग एकदम ओके आहे.' फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून तो पेटला की अर्थिंग चांगली, अशी आपल्याकडची सार्वत्रिक समजूत आहे. हिशोब करून बघा. १०० वॅटच्या पेटत्या बल्बचा रोध साधारण ५२९ ओहम असतो. अर्थिंगचा रोध ५० ओहम, म्हणजे अगदी भिकार, असला तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात. तो लख्ख पेटतो. डोळ्याला फरक कळत नाही. आता त्याच ५० ओहमच्या अर्थिंगवर एखाद्या मशीनची फेज बॉडीला चिकटली तर प्रवाह किती वाहील? २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. एवढ्यावर सॉकेटचा नेहमीचा एमसीबी (जास्त प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. ती बॉडी जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टवर राहते आणि काउंटरवरची मुलगी त्याच मशीनवर पासबुक छापत असते. बल्ब पेटल्याने फक्त वायर जमिनीपर्यंत पोहोचली आहे एवढंच कळतं. जमीन प्रवाह घेते का, हे त्यातून अजिबात कळत नाही.

त्यासाठी अर्थ टेस्टर लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडे तो असतोच, दिवसाच्या भाड्याने येऊन मोजून देतात. पद्धत सोपी आहे आणि तुम्ही शेजारी उभं राहून बघा. अर्थिंगच्या खड्ड्यातल्या, म्हणजे जमिनीत पुरलेल्या पाइपची तार आधी बाकी जोडणीपासून सोडवायची. त्यासाठी मेन बंद करावा लागतो, म्हणून हे काम सुट्टीच्या दिवशीच. मग खड्ड्यापासून दूर एका सरळ रेषेत दोन खुंट्या ठोकायच्या; लांबची खुंटी प्रवाहाची, मधली व्होल्टेजची, आणि मधली लांबच्या अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर. मधली खुंटी थोडी मागे-पुढे सरकवूनही आकडा तसाच राहिला तर माप खरं. आकडा उड्या मारत असेल तर लांबची खुंटी आणखी दूर न्यायला सांगा. छोट्या कार्यालयाला ५ ओहमच्या आत आलं की मी समाधानी असतो.

हे माप मे महिन्यात घ्या. आपल्या भागात या गोष्टीला पर्याय नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, पाइपला घट्ट धरते, ओल असते, माप सुंदर येतं. फेब्रुवारीपासून तीच माती आकसते, भेगा पडतात आणि पाइपभोवती बोटभर पोकळी तयार होते. पाइप तिथेच असतो, पण मातीशी त्याचा संबंध सुटलेला असतो. जिथे काळी माती वीतभरच आहे आणि खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, तिथे तर वेगळीच अडचण. पाषाणात ओल टिकत नाही आणि तो वीज घेत नाही. ऑगस्टमध्ये केलेली अर्थिंग, ऑगस्टमध्येच मोजलेलं माप आणि भिंतीला डकवलेलं प्रमाणपत्र एप्रिलमध्ये कामाचं नसतं. आणि वळवाच्या विजा नेमक्या एप्रिल-मेमध्ये येतात, जमीन सर्वात कोरडी असताना.

खड्डा नव्याने करायचा झाला तर अर्थिंगचं भारतीय मानक, आयएस ३०४३, जीआय पाइप कमीत कमी ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा आणि २.५ मीटर लांबीचा सांगतं. ३ मीटर जाता आलं तर जा. खाली पाषाण लागला म्हणून पाइप कापून अर्ध्यावर बसवू देऊ नका. मजुरी वाचवायला हे सर्रास केलं जातं. त्यापेक्षा बोअर मारायची गाडी बोलवा. तेही जमत नसेल तर दोन-तीन पाइप टाका, त्यांच्यात पाइपच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवा आणि जीआय पट्टीने जोडा. मीठ-कोळसा चालतो, पण मिठाने पाइप आणि वरचे नट-बोल्ट काही वर्षांत खाऊन जातात. पाइपभोवती बेंटोनाइट (पाणी शोषून फुगणारी माती) भरणं थोडं महाग पडतं, पण ते ओल धरून ठेवतं आणि आमच्या अनुभवात काळ्या मातीत जास्त टिकतं.

राहिला पाण्याचा प्रश्न. गावाला टँकर येत असताना अर्थिंगला बादल्या ओता असं सांगायला जीभ रेटत नाही. एसीचा ड्रेन पाइप आणि पिण्याच्या आरओचं वाया जाणारं पाणी नळीने खड्ड्यात सोडा. दोन्ही नाहीतरी अंगणात वाहून जातं.

कुणी 'कॉम्प्युटरची अर्थिंग वेगळी करा, इमारतीच्या अर्थिंगला लावू नका' असं सांगितलं तर ऐकू नका. वेगळा खड्डा जरूर करा, पण तो जुन्या खड्ड्याला जाड पट्टीने जोडलेला हवा. जवळ वीज पडते तेव्हा जमिनीतल्या दोन ठिकाणांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडतो. दोन खड्डे तुटक असतील तर तो फरक त्यांना जोडणाऱ्या पहिल्या तारेतून धावतो, आणि ती तार म्हणजे तुमची लॅन केबल.

तुमचे स्विचचे पोर्ट नेमके असेच मरतायत, असं मला वाटतं. जुनी इमारत आणि अंगणापलीकडची नवी, यांच्यात तांब्याची लॅन केबल टाकलेली आहे. दोन इमारती, दोन अर्थिंग. लॅन पोर्टच्या आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि इथरनेटच्या मानकाप्रमाणे त्याने १५०० व्होल्ट सोसायला हवेत. विजेच्या धक्क्यापुढे ते काहीच नाही. शिल्डेड केबल घातली असेल तर आणखी वाईट, कारण तिची जाळी दोन्ही अर्थिंग थेट जोडते. उपाय एकच आहे आणि स्वस्त आहे: दोन इमारतींमध्ये फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅन केबल जोडणारा डबा) लावा. काचेतून वीज जात नाही. बाहेरून जाणारी फायबर धातूचं कवच नसलेली घ्या, नाहीतर कवचातून तोच प्रकार होतो. गच्चीवरचे कॅमेरे आणि इंटरनेटचा वायरलेस डबा यांच्याही केबल मुख्य स्विचला सरळ लावू नका, त्यांचा स्विच वेगळा ठेवा आणि तो फायबरने जोडा. पुढच्या वळवाच्या आधी यातलं एकच काम करणं शक्य असेल तर हे करा.

मोबाइलवर दामिनी ॲप ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात विजा पडत असतील तर इशारा देतं. रात्रपाळीच्या शिपायाला ते वाचायला शिकवा. मशीनपेक्षा अंगणात उभ्या माणसासाठी ते जास्त गरजेचं आहे.

आता न्यूट्रल-अर्थ एकत्र बांधण्याबद्दल. माप ८-१० व्होल्ट आलं की काही जण सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थच्या पिनला तारेचा तुकडा लावून देतात. मीटरवर शून्य येतं, यूपीएसचा 'साइट फॉल्ट'चा, म्हणजे वायरिंगमधला दोष दाखवणारा दिवा विझतो, सगळे निर्धास्त होतात. नंतर कधीतरी डीपीकडून येणारी न्यूट्रल तुटते. त्या क्षणी १४ मशीनच्या बॉडी, कपाटं, एसीचा पत्रा, सगळ्यांत फेज उतरते. सॉकेट उघडून हा तुकडा दिसला तर त्याच दिवशी, मेन बंद करून, काढून टाका. हे काम बैठकीची वाट बघणारं नाही.

न्यूट्रल तुटण्याचा आणखी एक परिणाम तुम्ही पाहिलाच असेल. गल्लीत काही घरांचे दिवे मंद, काहींचे झगझगीत, आणि दहा मिनिटांत टीव्ही जळाल्याच्या बोंबा. थ्री फेजवर न्यूट्रल सुटली की कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं. सर्व्हरचा एसएमपीएस २६४ पर्यंत सोसतो, त्यापुढे नाही. म्हणून मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेजचा रिले बसवा, २६० च्या वर आणि १७० च्या खाली तोडणारा, आणि परत जोडायला दोन-तीन मिनिटं थांबणारा. शेतीच्या मोटारी एकदम बंद-चालू होतात तेव्हाच्या उड्यांवरही तो कामाला येतो.

त्याच बोर्डात सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे विजेचा क्षणिक धक्का जमिनीकडे वळवणारं उपकरण हवं. तुमची सर्व्हिस वायर खांबावरून उघड्यावरून येते, म्हणून टाइप १ आणि २ एकत्र असलेलं घ्या. ते बसवताना एक गोष्ट जातीने बघा: त्याच्या जोडणीच्या तारा, फेजकडची आणि अर्थकडची मिळून, अर्ध्या मीटरपेक्षा लांब नकोत. तारेच्या प्रत्येक मीटरमागे विजेच्या धक्क्यात हजारएक व्होल्ट वाढतात. दोन मीटर तार गुंडाळून, नीट क्लिप मारून बसवलेलं महागडं डिव्हाइस बहुतेक निकामीच असतं. खिडकीतली हिरवी खूण लाल झाली की ते संपलं, बदला.

एमसीबीवर विसंबू नका. अर्थिंग ५ ओहमची असली तरी दोषाच्या वेळी जास्तीत जास्त ४६ अँपिअर वाहतात, आणि सी प्रकारचा ३२ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला किमान १६० लागतात. ४६ वर तो तासभरही तसाच बसून राहू शकतो. माणूस वाचतो आरसीसीबीने, म्हणजे जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून तोडणाऱ्या स्विचने, ३० मिलिअँपिअरच्या. पण सगळी १४ मशीन एकाच आरसीसीबीवर टाकली तर तो उगाच पडत राहील, कारण प्रत्येक एसएमपीएस एखाद-दोन मिलिअँपिअर गळवतोच आणि ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. मग वैतागून कुणीतरी तो बायपास करतं. म्हणून पाच-पाच मशीनचे गट करा आणि सर्व्हरच्या यूपीएसला स्वतंत्र द्या.

यूपीएस. सगळं एका ५ केव्हीएवर टाकू नका. तो एक बंद पडला की संस्था बंद. सर्व्हर, स्विच, राउटर आणि फायबरचे डबे मिळून ४०० वॅटच्या आत बसतील. त्यांना १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस द्या. काउंटरला ३ केव्हीएचा वेगळा. लेझर प्रिंटर दोन्हीवर नको. बॅटरीचा हिशोब पुरवठादारावर सोडू नका: ३६ व्होल्ट, २६ एएचची बॅटरी म्हणजे कागदावर ९३६ वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये जातं ते वजा करून ८५ टक्के, आणि बॅटरी जोरात उपसली की कमी देते म्हणून त्याचे ७० टक्के. हातात साधारण ५५० राहतात. ४०० वॅटला सव्वा तास आणि वर थोडं. मॉडेल 'लाँग बॅकअप'चं घ्या, म्हणजे त्यात चार्जर मोठा असतो. छोट्या चार्जरच्या यूपीएसला मोठ्या बॅटऱ्या जोडल्या तर दोन वेळा लाईट जाण्याच्या मधल्या वेळात त्या भरतच नाहीत आणि तिसऱ्या वेळी दगा देतात.

तुमचा आत्ताचा यूपीएस पाच मिनिटांत का पडतो, याचं उत्तर बहुधा जिन्याखालची ती खोली आहे. सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशाला मोजलेलं असतं आणि वर दर ८-१० अंशाला ते निम्म्यावर येतं. मे महिन्यात बाहेर ४२ असताना पश्चिमेची भिंत असलेल्या बंद खोलीत काय होत असेल, हे तिथे हात लावून बघा. चार वर्षं सांगितलेली बॅटरी दीड-दोन वर्षांत बसते, यात बॅटरीचा दोष नाही. बदलताना संच पूर्ण बदला, एकच नवी घालू नका. सर्व्हर आणि बॅटऱ्या पूर्वेकडच्या किंवा मधल्या खोलीत हलवणं हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त उपाय आहे. एसी लाईट आल्यावर आपोआप सुरू होणारा हवा. सर्व्हरची आतली जाळी आणि पंखे दिवाळीला व गुढीपाडव्याला उघडून ब्लोअरने साफ करा. जिनिंगचा हंगाम चालू असताना तर कापसाचा धुरळा हीटसिंकवर गोधडीसारखा बसतो. दुपारच्या रिस्टार्टचा दुसरा संशय हाच. बायोसमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसतं, तेही वहीत लिहा.

आणि यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा. ती खोक्यात तशीच पडलेली असेल. विंडोज असेल तर यूपीएस कंपनीचं सॉफ्टवेअर, लिनक्स असेल तर नेटवर्क यूपीएस टूल्स टाका. लाईट गेल्यावर वीस मिनिटांनी काउंटरना इशारा, चाळीस मिनिटांनी डेटाबेस थांबवून शटडाउन. बॅटरी संपायची वाट बघू नका, आणि एसी यूपीएसवर नसतो हेही लक्षात ठेवा: लाईट नसताना सर्व्हर चालू आणि खोली तापत असते. एका रविवारी, पिग्मी एजंटांची मशीन जोडलेली नसताना, खरोखर मेन पाडून हे सगळं होतं का ते बघा. लाईट परत आल्यावर सर्व्हर स्वतःहून उठला पाहिजे. बायोसमधली वीज परतल्यानंतरची सेटिंग त्यासाठी तपासा. बॅकअपची एक प्रत इमारतीबाहेर ठेवता हे तुम्ही लिहिलंय, ते चालू ठेवा.

बैठकीत मंजुरी मागा ती या क्रमाने: अर्थिंग आणि मेन बोर्ड, दोन इमारतींमधली फायबर, खोली बदलणं, सर्व्हरचा १ केव्हीए, मग काउंटरचा ३ केव्हीए. वहीतली मापं सोबत न्या. चेअरमनना आकडे दाखवले की कोटेशनपेक्षा ते लवकर पटतात. हे सगळं झाल्यावर एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. त्यानंतरही सर्व्हर दुपारी पडत असेल, किंवा डिस्कच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्यात) खराब सेक्टर वाढत असतील, तर नवा सर्व्हर जरूर घ्या. त्यात पॉवर-लॉस प्रोटेक्शन असलेल्या दोन एसएसडी आरशासारख्या जोडून मागा आणि कोटेशनवर तसं लिहून घ्या.